साठ ते सत्तर : निवृत्तांच्या आरोग्यविम्यातील मोकळी दहा वर्षे

निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि सहकाऱ्यांची भाषणे यांच्या गडबडीत एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्याच दिवशी, किंवा पॉलिसीची मुदत संपेल त्या दिवशी, कंपनीने दिलेले मेडिक्लेमचे कार्ड निरुपयोगी होते. तीस वर्षे जे संरक्षण न मागता मिळत होते, ते ज्या वयात खरोखर लागणार असते नेमक्या त्याच वयात संपते. मग एजंटांचे फोन सुरू होतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर पूर्णपणे रद्द झाल्यावर या फोनना एक नवा मुद्दाही मिळाला आहे. 'आता विमा स्वस्त झाला' हे विधान खोटे नाही. पण पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील निवृत्ताने प्रथम विचारावयाचा प्रश्न 'कोणत्या कंपनीची पॉलिसी?' हा नव्हे. आपल्यापाशी आधीपासून काय आहे, त्यात भोक कोठे आहे आणि ते बुजविण्यासाठी किती खर्च करणे शहाणपणाचे आहे, हा खरा प्रश्न आहे.

हाती आधीच काय आहे?

गोव्यातील सर्वसामान्य कुटुंबासाठी पहिला आधार बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय हा आहे. १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा सांगणारी ही संस्था आजही राज्यातील गंभीर रुग्णांचे अंतिम ठिकाण आहे. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या आरोग्य केंद्रातून पुढे पाठविलेला रुग्ण म्हापशाचे जिल्हा रुग्णालय किंवा गोमेकॉ येथेच पोहोचतो. विम्याची चर्चा करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. कारण ज्याच्या हाती एकही पॉलिसी नाही, तोही येथे उपचाराविना राहत नाही.

दुसरा आधार म्हणजे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना. २०१६ साली, पेडणे तालुक्यातीलच लक्ष्मीकांत पार्सेकर मुख्यमंत्री असताना ही योजना सुरू झाली. गोव्यात किमान पाच वर्षे वास्तव्य असलेल्या कुटुंबांना तिचा लाभ मिळतो. तीन किंवा त्याहून कमी सदस्यांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख रुपये, तर चार किंवा अधिक सदस्यांच्या कुटुंबाला चार लाख रुपये, अशी तिची मर्यादा ठरलेली आहे. येथे निवृत्तांनी एक बारकावा ध्यानात घ्यावा. मुले कार्डावर होती तोवर चार लाखांचे संरक्षण होते. मुलगी लग्न होऊन गेली, मुलाने वेगळे कार्ड काढले, की मागे उरलेल्या पती-पत्नीची मर्यादा अडीच लाखांवर येते. वय वाढते आणि संरक्षण घटते. शिवाय ही योजना ठरावीक उपचारांच्या यादीवर आणि संलग्न रुग्णालयांवर चालते. यादीबाहेरचा उपचार किंवा यादीबाहेरचे रुग्णालय असेल, तर कार्ड खिशातच राहते.

तिसरा आधार वयाच्या सत्तरीला मिळतो. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने आयुष्मान भारत योजनेचा विस्तार करून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण दिले. आधार कार्डावरील वय हाच त्याचा पुरावा मानला जातो. जुन्या आजारांसाठी थांबावे लागत नाही. खासगी पॉलिसी असलेल्यांनाही हे 'वय वंदना' कार्ड काढता येते. मात्र घरात पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील, तर हे पाच लाख दोघांत मिळून आहेत, प्रत्येकी नव्हेत.

हे तीन थर एकावर एक ठेवून पाहिले, की भोक दिसू लागते. खासगी नोकरीतून ५८ व्या किंवा ६० व्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसापुढे सत्तरीपर्यंतची दहा-बारा वर्षे अशी आहेत, की कंपनीचा विमा गेलेला असतो, केंद्राचे कार्ड अजून मिळालेले नसते आणि राज्याचे कार्ड अडीच लाखांवर थांबते. पूरक विम्याचा विचार प्रामुख्याने याच वर्षांसाठी करावयाचा आहे.

सगळे निवृत्त सारखे नव्हेत

सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्यांना त्यांच्या त्यांच्या वैद्यकीय नियमांचा आधार असतो. केंद्र सरकारच्या निवृत्तांपैकी जे सीजीएचएस क्षेत्राबाहेर राहतात, त्यांना महिन्याला एक हजार रुपये निश्चित वैद्यकीय भत्ता मिळतो. बँकांमधून निवृत्त झालेल्यांसाठी भारतीय बँक संघामार्फत समूह पॉलिसी आहे आणि तिला जोडून सुपर टॉप-अपचा पर्यायही आहे. पण हप्ता निवृत्ताच्याच खिशातून जातो. शिवाय करमाफी वैयक्तिक पॉलिसींना मिळाली, समूह पॉलिसींना नाही. त्यामुळे तुलना करताना दोन्ही हप्ते करासह मांडूनच पाहावेत.

तुये किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत आयुष्य घालविलेल्या कामगाराची स्थिती निराळी आहे. त्याला कर्मचारी राज्य विमा योजनेचे संरक्षण असेल आणि किमान पाच वर्षे तशा नोकरीत झाली असतील, तर निवृत्तीनंतरही वर्षाला केवळ १२० रुपये भरून स्वतःला आणि पत्नीला किंवा पतीला वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. कोणतीही खासगी कंपनी या किमतीत काहीही देऊ शकणार नाही. योजनेचे रुग्णालय मडगावला, म्हणजे पेडणेकरासाठी राज्याच्या दक्षिण भागात आहे, ही अडचण खरी. तरीही हा हक्क सोडून देण्यासारखा नाही. निवृत्तीची कागदपत्रे करतानाच हा अर्ज करून टाकावा.

डिचोलीतील खाण कामगारांच्या वाट्याला मात्र हेही आले नाही. खाण कायद्याखालील खाणी कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या कक्षेतच येत नव्हत्या. तेथे वैद्यकीय सोय कंपनी देईल तेवढीच होती. खाणी २०१२ साली बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. निवृत्तीचे वय येण्याआधीच ज्यांचा रोजगार गेला, त्यांच्यापैकी कित्येकांच्या आयुष्यात आरोग्यविम्याची मोकळी वर्षे दहा नसून पंधरा-वीस आहेत. या वर्गासाठी पूरक विमा ही चैनीची वस्तू नाही. पण हप्ता भरण्याची ऐपतही याच वर्गाची सर्वांत कमी आहे, हे दुखणे आहे.

प्रतीक्षेचे गणित

विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२४ पासून दोन महत्त्वाचे बदल केले. नवी पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची वयोमर्यादा गेली आणि आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला. पहिला बदल जाहिरातींत ठळकपणे सांगितला जातो; प्रत्यक्षात हिशेब दुसऱ्यावर अवलंबून आहे.

मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाने ६० व्या वर्षी पॉलिसी घेतली, तर त्या आजारांशी निगडित उपचारांसाठी ती पूर्णपणे उपयोगी पडेल ६३ व्या वर्षी. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याची शस्त्रक्रिया अशा ठरावीक उपचारांसाठीही बहुतेक पॉलिसींत दोन ते तीन वर्षे थांबावे लागते. म्हणजे दहा मोकळ्या वर्षांपैकी तीन वर्षे हप्ता भरूनही संरक्षण अर्धेच. हीच पॉलिसी ५७ व्या वर्षी, कंपनीचा विमा चालू असताना घेतली, तर प्रतीक्षेचा काळ नोकरीतच संपतो आणि निवृत्तीच्या दिवशी पॉलिसी पूर्ण ताकदीने हाती असते. उलट, ६७ व्या वर्षी पॉलिसी घेणाऱ्याची प्रतीक्षा संपते सत्तराव्या वर्षी, म्हणजे केंद्राचे विनामूल्य कार्ड मिळण्याच्या वेळी. अशा माणसाने जुन्या आजारांच्या भीतीपोटी घाईने महागडी पॉलिसी घेण्याआधी दोनदा विचार करावा.

कंपनीची समूह पॉलिसी असलेल्यांसाठी आणखी एक मार्ग आहे. निवृत्त होताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करता येते आणि समूह पॉलिसीत गेलेला काळ प्रतीक्षा कालावधीत धरला जातो. यासाठी समूह पॉलिसी संपण्याआधी अर्ज करणे गरजेचे आहे. निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी जाग आली, तर ही सवलत गेलेली असते.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप

पूरक पॉलिसींचे मुख्य प्रकार दोन. दोन्हींत एक वजावट, म्हणजे डिडक्टिबल असते. तेवढा खर्च आपण किंवा आपल्या दुसऱ्या विम्याने करावयाचा आणि त्यावरचा कंपनीने. फरक असा, की टॉप-अप पॉलिसी प्रत्येक वेळच्या बिलाकडे स्वतंत्रपणे पाहते, तर सुपर टॉप-अप वर्षभराच्या बिलांची बेरीज पाहते. समजा, वजावट चार लाखांची आहे आणि एकाच वर्षात तीन लाखांचे व साडेतीन लाखांचे अशी दोन बिले झाली. टॉप-अप पॉलिसी एक पैसाही देणार नाही, कारण दोन्ही बिले चार लाखांच्या आत आहेत. सुपर टॉप-अप मात्र साडेसहा लाखांच्या बेरजेतून चार लाख वजा करून अडीच लाख देईल. म्हातारपणात आजार एकदाच येऊन थांबत नाहीत. म्हणून निवृत्ताने निवड सुपर टॉप-अपमधूनच करावी, असे ठामपणे म्हणता येते.

वजावट किती घ्यावी? ती जितकी मोठी, तितका हप्ता कमी; म्हणून एजंट पाच किंवा दहा लाखांची वजावट सुचवितो. पण पती-पत्नींच्या घरात राज्य योजनेची मर्यादा अडीच लाख आहे. पाच लाखांची वजावट घेतली, तर मधले अडीच लाख कोण भरणार? येथे दुसरीही एक गुंतागुंत आहे. दीनदयाळ योजना ठरलेल्या दरांनी आणि संलग्न रुग्णालयातच पैसे देते, तर खासगी कंपनी स्वतःच्या नियमांनुसार मान्य होणारा खर्चच वजावटीत धरते. सरकारी योजनेने भरलेली रक्कम वजावटीत धरली जाईल का, आणि त्यासाठी कोणती कागदपत्रे लागतील, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. एजंटचे तोंडी आश्वासन दाव्याच्या वेळी कामाला येत नाही. सर्वांत सुरक्षित उपाय साधा आहे : वजावट तीन लाखांच्या आसपासची घ्यावी आणि तेवढीच रक्कम केव्हाही मोडता येईल अशा ठेवीत बाजूला ठेवावी. ती ठेव हाच आपला पहिला विमा.

बारीक अक्षरांतील तीन गोष्टी

दोन पॉलिसींची तुलना हप्त्यावरून करणे म्हणजे भाताची तुलना केवळ पोत्याच्या आकारावरून करणे होय. आत काय आहे, ते तीन ठिकाणी कळते.

पहिले, खोलीभाड्याची मर्यादा. तीन लाखांच्या पॉलिसीत ती एक टक्का असेल, तर दिवसाला तीन हजारांची खोली मान्य. आपण सहा हजारांची घेतली, तर केवळ भाड्यातलाच फरक पडतो असे नाही. खोलीशी निगडित मानला जाणारा खर्च, उदाहरणार्थ शस्त्रक्रियेचे व डॉक्टरांचे शुल्क, त्याच प्रमाणात कापले जाते. हे शुल्क ८० हजार असेल, तर कंपनी ४० हजारच देईल. दुसरे, को-पे, म्हणजे प्रत्येक दाव्यातील आपला वाटा. ज्येष्ठांच्या पॉलिसींत २० टक्के को-पे असेल, तर तीन लाखांच्या बिलात ६० हजार आपले. तिसरे, आजारनिहाय मर्यादा. मोतीबिंदूच्या बाबतीत ती हमखास आढळते.

अमेरिकेत सरकारी मेडिकेअर योजनेला पूरक अशा खासगी पॉलिसींचा असाच गोंधळ माजला होता. तेव्हा १९९० च्या कायद्याने या पॉलिसींचे ठरावीक नमुने करून त्यांना अक्षरांची नावे दिली. एका अक्षराची पॉलिसी कोणत्याही कंपनीकडून घेतली तरी मूळ लाभ तेच. तुलना उरते ती किमतीची आणि सेवेची. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांना सक्तीची झालेली 'आरोग्य संजीवनी' ही त्याच धर्तीची एक पॉलिसी आहे. तिच्यात को-पे ५ टक्के, खोलीभाडे विमा रकमेच्या २ टक्के पण दिवसाला कमाल पाच हजार, आणि मोतीबिंदूसाठी एका डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४० हजार यांपैकी जी कमी ती रक्कम. ही पॉलिसी घ्यावीच असे नाही. पण तिला माप म्हणून समोर ठेवावे. एजंटने दाखविलेली पॉलिसी यातील कोणत्या बाबतीत उणी आणि कोणत्या बाबतीत सरस, हे अर्ध्या तासात कळते. प्रत्येक पॉलिसीसोबत ग्राहक माहितीपत्रक देणे आता बंधनकारक आहे आणि मागणी केल्यास ते स्थानिक भाषेत मिळते. ते मराठीत मागावे.

पेडणे व डिचोलीकरांनी चौथी गोष्टही पाहावी : कंपनीच्या कॅशलेस यादीतील रुग्णालये कोठे आहेत? खासगी रुग्णालये बहुतांश म्हापसा, पणजी आणि त्यापुढे आहेत. तुये येथे उभारलेल्या रुग्णालयासाठी पेडणेकरांना आंदोलन करावे लागले, यावरून तालुक्याची गरज दिसते. यादीत देशभरातील हजारो रुग्णालये आहेत, या आकड्याने भारावून जाऊ नये. आपल्या घरून रात्री दोन वाजता गाडीने जिथे पोहोचता येईल, ते रुग्णालय यादीत आहे का, एवढेच पाहावे.

हप्ता वाढतो, पेन्शन वाढत नाही

जानेवारी २०२५ मध्ये नियामकाने ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करण्यापूर्वी आपला विचार घेणे कंपन्यांना बंधनकारक केले. हा दिलासा आहे. पण दहा टक्क्यांचे चक्रवाढ गणितही मांडून पाहावे. आज २० हजारांचा हप्ता दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढत गेला, तर दहा वर्षांनी तो जवळपास ५२ हजार होतो. दुसरीकडे, कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखालील पेन्शन एकदा ठरली की महागाईबरोबर वाढत नाही. तिची किमान रक्कम २०१४ पासून महिन्याला एक हजार रुपये आहे. ज्याची पेन्शन दोन-तीन हजार आहे, त्याला 'विमा घ्याच' असा उपदेश करणे निष्ठुरपणाचे आहे. अशा कुटुंबाने राज्य योजनेचे कार्ड चालू स्थितीत ठेवावे, आधारवरील जन्मतारीख आताच तपासून दुरुस्त करून घ्यावी आणि जमेल ती रक्कम औषधपाण्यासाठी बाजूला टाकावी. तीन वर्षे भरून चौथ्या वर्षी सोडून दिलेली पॉलिसी ही न घेतलेल्या पॉलिसीहून वाईट. तिच्यात पैसेही जातात आणि प्रतीक्षेचा काळही वाया जातो.

पॉलिसी घेणाऱ्याने आजार लपवू नये. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याचे कारण देऊन दावा नाकारता येत नाही. पण त्या आधीच्या पाच वर्षांत लपविलेली एक गोळी सगळा दावा बुडवू शकते. पॉलिसी हाती आल्यावर ती परत करण्यासाठी तीस दिवस असतात, ते ती वाचण्यासाठी वापरावेत. दावा अन्यायाने नाकारला गेला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. गोव्यासाठी हे कार्यालय मुंबईला आहे. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

राज्याचे काम

एवढे सर्व गणित साठीच्या माणसाने एकट्याने करावे, ही अपेक्षाच मुळात अवाजवी आहे. केंद्राने सत्तरीपुढच्यांसाठी पाऊल उचलले. साठ ते सत्तर हा टप्पा राज्याच्या हाती आहे. दीनदयाळ योजनेचे दार गोमंतकीयांना खुले आहेच. ज्या घरातील सर्व सदस्य साठीपुढचे आहेत, त्या घराला सदस्यसंख्या न पाहता चार लाखांची मर्यादा लागू केली, तरी मुले वेगळी झाल्यामुळे होणारी घट थांबेल. त्यासाठी नवी योजना काढण्याची गरज नाही. जुन्या योजनेतील एक अट बदलावी लागेल. खाण अवलंबितांच्या बाबतीत तर हे कर्तव्यच ठरते. पेडणे व डिचोलीच्या आरोग्य केंद्रांत संलग्न रुग्णालयांची आणि मान्य उपचारांची यादी मराठीत लावली, तरीही पुष्कळांची पायपीट वाचेल.

तोवर ज्यांची पंचावन्नी उलटली आहे, त्यांनी निरोप समारंभाची वाट पाहू नये. विमा घ्यावयाचाच असेल, तर तो अंगात नोकरी आणि प्रकृती दोन्ही शाबूत असताना घ्यावा.